कंबर असलेला कोट

मी काही कुणाचं कौतुक करत बसणाऱ्यातली नाही, आणि थोरल्या जावेचं तर नाहीच नाही. एका घरात दोन जावा असल्या की एकीनं दुसरीला डोक्यावर चढवायचं नसतं, हे माझ्या आईनं मला लग्नाच्या आधीच बजावून ठेवलं होतं. पण आमच्या जाऊबाईंच्या कोटाची हकिगत सांगायची म्हणजे कौतुक केल्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा एकदाच करते. त्यांच्या कानावर गेलंच, तर मी असं काही बोललेच नाही म्हणणार.

जाऊबाई धक्क्यावर दोर झेलतात. आमच्याकडे नदी एवढी रुंद आहे की पलीकडची घरं काड्यापेटीएवढी दिसतात, आणि पूल पार लांब, म्हणून अर्धं गाव बोटीनंच ये-जा करतं. बोट जवळ आली की वरून खलाशी दोर फेकतो. धक्क्यावरच्या माणसानं तो हवेतल्या हवेत झेलायचा, लोखंडी खुंटाला वेढे द्यायचे, ताणून धरायचा, आणि बोट टेकली की उतरायची फळी टाकायची. ऐकायला सोपं आहे. पण दोर ओला असतो, मनगटाएवढा जाड असतो, बोट डुलत असते आणि पायाखाली शेवाळ असतं. हिवाळ्यात वरून बर्फासारखा पाऊस, तोही आडवा. मी त्याच धक्क्यावर तिकीट खिडकीत बसते, समोर काच आणि पायाशी हीटर. म्हणजे हे सगळं मी उबेत बसून पाहिलेलं आहे, उगाच खोटं कशाला बोलू.

त्या मुळात तिथे झाडायला लागल्या होत्या. तेव्हाचा दोरवाला एकदा बुटाची नाडी बांधायला वाकला आणि नेमका तेव्हाच वरून दोर आला. बाईंच्या एका हातात झाडू. त्यांनी डाव्या हातानं दोर झेलला आणि मग इकडेतिकडे बघत उभ्या राहिल्या, आता हा ठेवू कुठे म्हणून. जुने साहेब इतके हसले की त्यांना खोकला लागला. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोरवाल्याला सांगितलं, हिला शिकव. पुढे तो म्हातारा झाला, निवृत्त झाला, आणि त्याची जागा जाऊबाईंना मिळाली. तेव्हापासून सगळा धक्का त्यांना 'दोरवाली' म्हणतो. समोरून म्हणतो, आणि त्या ओ देतात.

आता दोर ओढणारी बाई म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोण येईल ते मला माहीत आहे. ते पुसून टाका. आमच्या जाऊबाईंचे केस कायम चापूनचोपून बसवलेले, ओठांना लाली, भुवया रेखलेल्या. बोट लागायच्या आधी त्या माझ्या खिडकीच्या काचेत बघून केसांवरून कंगवा फिरवतात. मी आत गिऱ्हाइकाशी बोलत असते आणि एकदम काचेत हे ओठ आवळलेलं तोंड उगवतं. गिऱ्हाईक दचकतं. मीही सुरुवातीला दचकायची.

घरी सासूबाईंना हे काही पसंत नव्हतं. थोरले भाऊजी बेकरीत, पहाटे जाणार आणि दुपारी घोरत पडणार, त्यांना कशाचंच काही नसतं. पण सासूबाई म्हणजे उभी हयात भरतकाम करून घर चालवलेली बाई. उशांचे अभ्रे, पडदे, लोकांच्या मुलींचे झगे, सगळं खिडकीशी खुर्चीत बसून. त्यांच्या मते बाईचं काम म्हणजे बसून, हात स्वच्छ ठेवून करायचं काम. "बैलासारखा दोर ओढायचा आणि वर लाली लावायची," म्हणायच्या, "एक काहीतरी करावं माणसानं." जाऊबाई ऐकून घ्यायच्या आणि बूट घालून चालू लागायच्या. एवढ्या वर्षांत सासूबाई एकदाही धक्क्यावर आल्या नव्हत्या. बोटीनं जायची वेळ आली तर लांबचा वळसा घालून पुलावरून जायच्या.

तर कोट. कंपनीकडून बाहेर उभं राहणाऱ्यांना हिवाळ्यात कोट मिळतो. पिवळा, जाड, पाणी आत न घेणारा, आणि पुरुषांच्या मापाचा. जाऊबाई त्यात उभ्या राहिल्या की कोट आधी दिसायचा आणि बाई कुठे आहे ते शोधावं लागायचं. बाह्या बोटांच्या खाली लोंबायच्या, म्हणून त्या दुमडून घ्यायच्या. या वर्षी थंडी पडायच्या सुमारास त्या दुमडीत दोर अडकला. बोट मागे सरली आणि दोरानं बाईंना बाहीसकट ओढत नेलं, थेट कडेपर्यंत. माझ्या हातातली तिकिटं खाली पडली. हमालानं धावत येऊन मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली म्हणून त्या राहिल्या, नाहीतर बोट आणि धक्का यांच्या मधे गेल्या असत्या, आणि तिथून कुणी वर येत नाही. गुडघा सोलवटला होता. त्या हमालाला काय म्हणाल्या माहीत आहे? "सोडा आता, बोट बांधायची राहिलीय." आणि बांधली.

हे सगळं नव्या साहेबांनी वरच्या खिडकीतून पाहिलं. साहेब तरुण, किडकिडीत, थंडीनं सारखे नाक पुसणारे. वाईट माणूस नाही. उलट तेच जास्त घाबरले होते. धावतच खाली आले. म्हणाले, "बाई, हा कोट तुम्ही पुन्हा घालायचा नाही. आणि कोटाशिवाय हिवाळ्यात मी कुणालाही बाहेर उभं करणार नाही. कंपनीकडे बायकांच्या मापाचा कोटच नाही. तुम्ही खिडकीत बसा, तिथे एक खुर्ची रिकामी आहे."

माझी खिडकी म्हणजे जणू अडगळीची खोली. जाऊबाई म्हणाल्या, "कोट मी आणला तर?"

साहेब जरा विचारात पडले. "चालेल. पण ऊब पाहिजे, हात मोकळा पाहिजे आणि पाणी आत जाता कामा नये. हिवाळी वेळापत्रक लागायच्या दिवशी मी पाइपखाली तपासणार."

आमच्या धक्क्यावर नवं काही आलं की ते पाइपखाली जातं. कंदील असो, भोंगा असो, टेलिफोनची पेटी असो. बोटी धुवायचा जाड पाइप आहे, त्याच्याखाली टिकलं तर ते हिवाळ्यात टिकतं, असा आमचा हिशेब. माणूस आजवर कुणी तपासला नव्हता.

मी त्यांच्या गुडघ्याला औषध लावत होते तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "अगं, मी खिडकीत मरेन."

"मी जिवंत आहे की," मी म्हटलं.

"तू बसणारी आहेस गं. मी उभी राहणारी."

मी कापूस तिथेच टाकला आणि उठले. दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. पण खरं सांगायचं तर त्यांचे डोळे भरलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी कोट शोधायला कोण गेलं त्यांच्याबरोबर? मीच.

पहिल्या दुकानात एक करडा कोट होता, गुडघ्यापर्यंत, कॉलरला मऊ लव. जाऊबाईंनी तो घातला आणि अशा काही दिसल्या की मला माझ्या अंगावरच्या कोटाची लाज वाटली. दुकानातली मुलगी म्हणाली, "पूर्ण वॉटरप्रूफ आहे." जाऊबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि बाहीवर ओतली. मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. कोटानं मात्र ते सगळं पिऊन टाकलं.

"तसा थोड्या पावसाला चालतो," मुलगी म्हणाली.

"थोडा पाऊस तुमच्याकडे पडत असेल," जाऊबाई म्हणाल्या, "आमच्या धक्क्यावर नाही पडत." मग बाही वाळेपर्यंत आम्ही दोघी तिथल्या हीटरपाशी शाळेत शिक्षा झाल्यासारख्या उभ्या होतो.

दुसरीकडे, मच्छीमारांच्या दुकानात, रबरी कोट मिळाला. पाण्याचा थेंब आत जायचा नाही, पण आतला घामही बाहेर यायचा नाही. तो कोट नव्हताच, पाण्याची टाकी होती. तिसऱ्या ठिकाणी गादीसारखा फुगीर, ऊबदार, पाण्याला दाद न देणारा. मी म्हटलं, मिळाला एकदाचा. पण जाऊबाई नुसता आरसा बघून कोट घेत नाहीत. त्यांनी दुकानाच्या मधोमध उभं राहून, दोर येतोय असं समजून, डावा हात वर फेकला. खांदा वर जाईना म्हणून जोर लावला, तो शेजारच्या प्लॅस्टिकच्या पुतळीला लागला. पुतळी पडली आणि तिचा हात माझ्या हातात आला. दुकानदार धावत आला. तो इतका गोड बोलला, इतका गोड बोलला, की भीक नको पण कुत्रं आवर, असं त्याला झालं असणार. आम्हाला दारापर्यंत पोचवून त्यानं दार आतून लावून घेतलं.

रस्त्यात माझा संयम सुटला. "ताई, एक विचारू? ऊब पाहिजे, पाणी नको, हात वर गेला पाहिजे, इथपर्यंत कळलं. पण छान दिसायचं सोडा ना या वर्षी. दोर झेलायचाय की मिरवायचंय?"

"दोन्ही," जाऊबाई म्हणाल्या. रागावल्याही नाहीत. जरा पुढे चालून म्हणाल्या, "अगं, सकाळच्या बोटीनं माणसं कामाला येतात. आंबलेली, झोप न झालेली. उतरताना पहिलं तोंड माझं बघतात. त्यांनी गबाळं का बघायचं? आणि मी बाई आहे, तंबू नाही."

मला राग याचा आला की हे मला कधी सुचलं नव्हतं, आणि मी तर त्यांना तिकिटं देते.

शेवटी त्यांनी ताडपत्रीवाल्याला गाठलं. धक्क्याच्या मागच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये तो बोटींची आच्छादनं शिवतो. म्हातारा, कानामागे पेन्सिल, जन्मात कधी माणसाचं काही शिवलेलं नाही. जाऊबाईंनी कोट म्हटल्यावर त्यानं त्यांना नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाला, "बाई, बोटीला खांदे नसतात."

"मला आहेत. माप घ्या."

त्यानं घेतलं, पण बोटीचं घेतात तसं, लांबीपासून. मग दोघांचं जे जुंपलं ते पुढे रोज. कापड चांगलं होतं, त्याच्याकडेच होतं, डाळिंबी रंगाचं, एका श्रीमंताच्या बोटीसाठी आणलेलं आणि उरलेलं. आत लोकरीचं अस्तर, ते जाऊबाईंनी शोधून आणलं. बाहीचा मुंढा मोठा ठेवायचा म्हणजे हात वर जाईल, हेही ठरलं. अडलं ते कमरेवर. जाऊबाईंना टक्स हवे होते, कोट कमरेशी बसायला. ताडपत्रीवाला म्हणायचा, "कंबर पाहिजे तर शिवण आली. शिवण आली की सुई आली. आणि सुई जिथे जाते तिथे पाणी जातं. म्हणून मी सरळ शिवतो आणि कमी शिवतो."

"मग शिवण बुजवा."

"बोटीला कंबर नसते म्हणून बोट बुडत नाही, बाई."

"मीही बुडणार नाही. तुम्ही टक्स घ्या."

असं करत करत त्यांनी मार्ग काढला. प्रत्येक शिवणीवर आतून पातळ पट्टी ठेवायची आणि गरम इस्त्रीनं ती कापडाला चिकटवायची, म्हणजे सुईची भोकं बंद. मग वर अस्तर लावून कोट मिटवायचा. ताडपत्रीवाला कुरकुरत कामाला लागला, पण मी तिकडून जाताना बघायची, तर गडी कोट दिव्यापुढे धरून एकेक शिवण तपासत असायचा, तोंडानं शीळ घालत.

कोट तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी घरी आला. काय सांगू. जाऊबाईंनी तो घातला, कमरेचा पट्टा आवळला, आणि बेकरीतून आलेले भाऊजी, जे घरात आग लागली तरी कूस बदलून झोपतील, ते जेवता जेवता थांबले. "अरे वा," म्हणाले. लग्नानंतर प्रथमच म्हणाले असावेत. मला इतका हेवा वाटला की मी भांडी घासायला गेले.

सासूबाई जवळ आल्या, बोटांनी कापड चाचपलं, शिवण उलटून पाहिली. "बरा शिवलाय," म्हणाल्या. त्यांच्याकडून हे म्हणजे फार झालं. जाऊबाई कोट खुंटीला अडकवून हिवाळ्याआधीच्या शेवटच्या दिवसाच्या कामाला गेल्या, जुना स्वेटर घालून.

दुपारी मी परत आले तर सासूबाई खिडकीशी खुर्चीत, मांडीवर तो डाळिंबी कोट, तोंडात दोरा. डाव्या खांद्यावर पांढऱ्या आणि पोपटी दोऱ्यानं एक नाजूक वेल, कॉलरपासून बाहीच्या टोकाकडे उतरलेली. पानं, कळ्या, गाठीच्या टाक्यांचे बारीक ठिपके. इतकी सुंदर वेल त्यांनी लोकांच्या मुलींच्या लग्नातल्या झग्यांवरही काढली नव्हती. टाके कापडातून, अस्तरातून, आरपार गेले होते. शेकडो भोकं.

"तिला लालीच हवी असते ना," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "म्हटलं, आता बायकी कोट आहे तर पुरता बायकी दिसू दे."

त्या बाईनं थोरल्या सुनेसाठी आपणहून हातात सुई घेतली होती, हे मी पहिल्यांदा बघत होते. काय सांगायचं होतं मी त्यांना?

जाऊबाई आल्या. कोट बघितला. त्यांना पाहताक्षणीच कळलं, हे मला कळलं. त्या वेलीवरून बोट फिरवत राहिल्या. "आई," म्हणाल्या, "इतकं सुंदर तुम्ही माझ्यासाठी केलंत." आणि खरंच तसंच म्हणाल्या, मनापासून. सासूबाईंनी "हं" केलं आणि दोऱ्याची रिळं आवरायला लागल्या.

स्वयंपाकघरात आल्यावर मात्र जाऊबाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या. "आता काय करू गं?" एवढ्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ताडपत्रीवाला काम घेऊन पलीकडे गेला होता, सकाळच्या बोटीनं येणार होता. आम्ही मेणबत्ती घासली वेलीवर, हलकी इस्त्री फिरवली. वरून मेण, आतून आशा. दुसरं हातात काय होतं.

सकाळी सासूबाई म्हणाल्या, "मीही येते." वेल लोकांनी बघितलेली त्यांना बघायची होती. धक्क्यावर पहिल्यांदा आल्या आणि माझ्या खिडकीपाशी ताठ उभ्या राहिल्या. हमाल आला, खलाशी आले, ताडपत्रीवाला बोटीतून उतरून थेट तिथेच आला. त्याची नजर वेलीवर गेली आणि त्यानं कपाळावर हात मारला. पाइप सुरू झाला. जाऊबाई त्या लोंढ्याखाली अशा उभ्या की जणू फोटो काढून घ्यायचा आहे. पाणी डाळिंबी कापडावरून घसरत होतं.

पाइप बंद झाला. साहेबांनी कोट उतरवायला सांगितला. आत निळा, गडद स्वेटर. साहेबांनी बाही चाचपली, पाठ चाचपली, गळ्याशी हात लावला. "कोरडं आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांचाही जीव टांगणीला लागलेला होता. "पास."

हमालानं टाळी वाजवली. मी देवाचे आभार मानले. आणि आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "साहेब, डाव्या खांद्याला हात लावला नाहीत."

साहेबांनी लावला. हात ओला झाला. गडद लोकरीवर काही दिसत नव्हतं, पण पार दंडापर्यंत पाणी उतरलं होतं.

"शिवण चुकली का?" साहेबांनी ताडपत्रीवाल्याकडे बघितलं.

"शिवण चुकलेली नाही," जाऊबाई म्हणाल्या. पुढे एक शब्द बोलल्या नाहीत.

पण जन्मभर सुई धरलेल्या माणसाला सांगावं लागतं का? सासूबाईंनी एकदा वेलीकडे बघितलं, एकदा साहेबांच्या ओल्या हाताकडे. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी हात धरायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला आणि एकट्याच घराकडे चालू लागल्या.

साहेब म्हणाले, दुरुस्त करून आणा, अजून एकदा बघीन, पण ते शेवटचं. तोवर गोदामातला एक माणूस दोर झेलेल. नाही जमलं, तर तोच कायम.

आम्ही आत आल्यावर मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला वेड लागलंय का हो? पास केलं होतं त्यांनी."

"दोर मी डाव्या हातानं झेलते," त्या म्हणाल्या. "ऐन थंडीत खांद्यात पाणी शिरलं, हात बधिर झाला आणि दोर सुटला, तर बोटीतली माणसं काय करतील? छान दिसते म्हणून माफ करतील?"

मोठं मन असलेल्या माणसांबरोबर राहणं फार त्रासाचं असतं, एवढंच मी म्हणेन.

आणि मग त्या माझ्या शेजारी खिडकीत बसल्या. ते दिवस मला आठवले तरी नको वाटतं. गोदामातला माणूस भला होता बिचारा, पण दोर त्याच्या छातीवर आदळायचा, पाण्यात पडायचा, खलाशी वरून शिव्या द्यायचे. बोट आली की जाऊबाईंचा डावा हात टेबलाखाली आपोआप उचलला जायचा. केस विंचरलेले, ओठांना लाली, सगळं जिथल्या तिथे, आणि नजर काचेबाहेर. गिऱ्हाइकानं पलीकडचं तिकीट मागितलं तर अलीकडचं द्यायच्या. हीटर त्यांच्याकडे वळवला तर त्या पाय मागे घ्यायच्या. मला वाटायचं, यांनी ओरडावं, चिडावं, सासूबाईंना निदान माझ्यापाशी तरी नावं ठेवावीत. छे.

घरी सासूबाई कुणाशी बोलत नव्हत्या. भरतकामाची टोपली झाकून ठेवलेली. आणि एके दिवशी दुपारी त्या घरातून गायब. आम्ही दोघी शोधत शोधत ताडपत्रीवाल्याच्या शेडपाशी आलो तर आतून आवाज.

"आधी मी भरते," सासूबाई म्हणत होत्या. "नुसत्या खांद्याच्या तुकड्यावर. कोट जोडायच्या आधी. मग तू आतून तुझी ती पट्टी लाव. भोकं माझी, बुजवायची तू."

"वेल पाहिजेच कशाला, बाई? नवा खांदा साधा लावतो, एका दिवसात होतो."

"पाहिजे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सुईनं तिचं काम गेलंय. माझ्याच सुईनं परत आलं पाहिजे."

जाऊबाई दाराबाहेर उभ्या होत्या. आत जायला निघाल्या आणि थांबल्या. मग तिथेच भिंतीला टेकून त्या रडल्या, आवाज न करता. मीही रडले, काय लपवायचं. मग आम्ही आल्या पावली घरी गेलो आणि सासूबाई परत आल्यावर आम्ही त्यांना कुठे गेला होता म्हणून विचारलं नाही.

पुढे बरेच दिवस त्या तिथे जात राहिल्या. डांबराच्या वासात, दोरखंडांच्या ढिगात, एका पेटीवर बसून भरायच्या. बारीक सुई, सैल टाका, ताडपत्रीवाला म्हणेल तसा. सकाळ-संध्याकाळ धक्क्यावरून जाताना त्यांना तो गोदामवाला दिसायचा, पाण्यातून दोर ओढून काढणारा. आणि काचेमागे बसलेली सून दिसायची. तीही त्यांना बघायची. दोघी एकमेकींना ओळख दाखवत नव्हत्या.

दुसऱ्या तपासणीला अख्खा धक्का जमला. जाऊबाई कोट घालून मधे उभ्या राहिल्या. वेल आधीपेक्षाही भरीव, खांद्यावरून दंडावर उतरलेली. सासूबाई या वेळी खिडकीशी नाही, पार पुढे, पाइपवाल्याच्या शेजारी. पाइपवाला आमचाच माणूस, जाऊबाईंवर जीव असलेला. त्यानं पाणी सोडलं, पण पाठीवर, पायांवर. खांद्याकडे पाइप नेईचना.

"खांद्यावर सोड," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं जरासं सोडलं.

"अजून. पुरता सोड. लाजतोस काय, माझी सून आहे ती, विरघळायची नाही."

त्यानं पुरता सोडला. जाऊबाई त्या माऱ्यानं एक पाऊल मागे गेल्या, मग परत पुढे येऊन उभ्या राहिल्या. वेलीवरून पाणी धो धो वाहत होतं. सासूबाईंनी पुरे म्हणेपर्यंत पाइपवाल्यानं तो बंद केला नाही. साहेब बाजूला उभे होते, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

जाऊबाईंनी कोट उतरवला. साहेबांनी हात पुढे केला, पण त्यांच्या आधी सासूबाईंचा हात गेला, थेट सुनेच्या डाव्या खांद्यावर. त्यांनी खांदा चाचपला, दंड चाचपला, काखेपर्यंत बोटं घातली. आणि हात तिथेच ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, गेलं, ओलं आहे. जाऊबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"कोरडी आहे," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांनीही हात लावून बघितला आणि मान हलवली. तेवढ्यात पलीकडून भोंगा झाला, बोट वळण घेऊन धक्क्याकडे येत होती. गोदामवाला सवयीनं खुंटाकडे निघाला. सासूबाई लगबगीनं गेल्या आणि त्याच्या आडव्या उभ्या राहिल्या.

"बाजूला हो बाबा," त्या म्हणाल्या. "तिची बोट आली."